वीस तारखेनंतरचं घर

मी, इंदुबाई नागनाथ फडतरे, वय वर्षे बासष्ट, धंदा गोधड्या शिवणे व शिवून घेणे, मूळ राहणार तालुका खटाव, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम मानसरोवर, जयपूर, आज रोजी हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या घरात, खिडकीपाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि नशापाणी म्हणावे तर सकाळचा चहा तेवढा झाला आहे. वकीलसाहेब हे सर्व हिंदीत उतरवून घेणार आहेत. मूळ कागद मात्र मराठीतच राहील, कारण मला रागवायचे असले की हिंदी पुरत नाही.

कलम १. माझी माणसे.

माझे पती कै. नागनाथ फडतरे सैन्यात ड्रायव्हर होते. पलटणीबरोबर फिरत आम्ही १९५७ साली जयपूरला आलो. सैन्यातली नोकरी संपल्यावर त्यांना इथेच एका सरकारी कचेरीत जीप चालवायचे काम मिळाले आणि आम्ही राहिलो ते राहिलोच. १९७४ साली ते गेले. मला दोन मुलगे. थोरला विलास विम्याच्या कचेरीत अधिकारी आहे, सध्या जोधपूरला. धाकटा जयंत, त्याची बायको निशिगंधा आणि त्यांची मुलगी माझ्याजवळ राहतात. याखेरीज माझे थोरले दीर आप्पासाहेब फडतरे, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, हल्ली साताऱ्यास. ते माझे वारस नाहीत. तरी त्यांच्यासाठी एक कलम राखून ठेवले आहे.

कलम २. मिळकत.

माझ्या नावावर हाउसिंग बोर्डाचे हे घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गोधड्या वाळत घालण्यापुरते अंगण. बँकेत बचत खाते आहे. शिवणकामाचे सामान, कापडाचा साठा, भांडीकुंडी, एक टीव्ही आणि माझी दोन तोळ्यांची माळ. वकीलसाहेबांनी सांगितले की यापुढे लिहा, "ही सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे." लिहिते. या शब्दासाठी मला फार वर्षे वाट पाहावी लागली, म्हणून तो मी सावकाश लिहिला आहे. पण एवढा एकच शब्द लिहून पुढे गेले तर ते खोटे होईल. कष्ट माझेच होते. मात्र तेवढेच कष्ट मी आधीही करीत होते आणि तेव्हा हाती काही राहत नव्हते. हा फरक कशाने पडला ते पुढच्या कलमांत येईल. ज्यांना नुसती वाटणी वाचायची घाई आहे त्यांनी कलम सात पाहावे.

कलम ३. आप्पासाहेबांबद्दल.

१९६१च्या उन्हाळ्यात थोरले भावजी आमच्याकडे जयपूर पाहायला आले. आम्ही छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. महिन्याचा शेवटचा आठवडा होता. चहाला साखर नव्हती म्हणून मी शेजारून वाटीभर आणली, ती त्यांनी पाहिली. ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "नागू, पगार सगळ्यांचाच एक तारखेला होतो. तुझाच वीस तारखेला कसा काय संपतो?"

हे म्हणाले, "पुरत नाही, दादा."

"पुरवायचा असतो. घरातली बाई नेटकी असली म्हणजे पुरतो."

विलास तेव्हा कळत्या वयाचा होता. त्याने ताटातून वर पाहिले आणि माझ्याकडे बघितले. मी भाकरी वाढली आणि आत गेले. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, कारण भावजींसमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. आता मी बासष्टची आहे आणि हा माझा कागद आहे.

उत्तर असे. आमचा पगार वीस तारखेला संपायचा कारण तो वीस तारखेपुरताच होता. त्यातून दर महिन्याला पहिली मनीऑर्डर गावी जायची, सासूबाईंच्या औषधासाठी आणि घराच्या डागडुजीसाठी. ती गावी सही करून घेणारे भावजीच होते. ती एकदाही चुकली नाही. मुलांच्या फीला उशीर झाला, माझ्या चपलेला शिवण पडली, पण मनीऑर्डर गेली. ज्या बाईला त्यांनी गबाळी ठरवले, तिच्या काटकसरीवर त्यांच्या घराची कौले शाकारली गेली. हे मी भांडण म्हणून लिहीत नाही. त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते आणि ज्यांनी सांगायचे ते माझे मालक भावाशी कधी वर आवाजात बोलले नाहीत.

माझ्या पश्चात आप्पासाहेबांना, ते असल्यास, निळ्या बुट्ट्यांची दुहेरी गोधडी पाठवावी. ती मी स्वतः शिवली आहे. साताऱ्यात थंडी असते आणि त्यांचे वय झाले आहे.

कलम ४. नंदकिशोरजींबद्दल.

हे गेल्यावर पेन्शन बेताची आली. क्वार्टर सुटले. आम्ही नाल्याजवळच्या वस्तीत भाड्याची खोली घेतली. मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत असे, गावाकडे सगळ्याच बायका शिवतात तशा, घरापुरत्या. एकदा छावणीतल्या ओळखीच्या सुभेदारांकडे बाळंतविड्यात एक दिली. ती दोरीवर वाळत असताना बदलीवर निघालेल्या एका मेजरांच्या बाईने पाहिली.

"ये कौन सी रजाई है?"

सुभेदारीणबाई म्हणाल्या, "रजाई नहीं है जी. गोधडी है. हमारे उधर की."

आठवड्यात मला तीन गोधड्यांचे काम आले. बदलीवर जाणारे लोक जयपूरची आठवण म्हणून काहीतरी घेतातच. मी सांगानेरी छापाचे कापड वर लावले, आत जुनी मऊ लुगडी घातली आणि टाके आमच्याकडचे घातले. कापड नंदकिशोरजींच्या दुकानातून उधारीवर आणत असे. दर महिन्याला थोडे फेडायचे आणि पुन्हा थोडे आणायचे.

१९८१च्या जुलैत जयपुरात पूर आला. आमच्या खोलीत छातीइतके पाणी शिरले. तयार गोधड्या, अर्धवट गोधड्या, उधारीचे सगळे कापड, धान्य, सगळे गेले. जयंताचे लग्न होऊन वर्षच झाले होते. निशिगंधेला पोटाशी घेऊन मी शाळेच्या गच्चीवर बसले होते. पाणी ओसरल्यावर विलास भेटायला आला. मुलगा चांगला आहे, त्याने पैसेही दिले. पण देता देता म्हणाला, "आई, सगळा माल एकाच खोलीत कशाला ठेवायचा? जरा विचार करायचा होतास." मला एकच खोली होती.

चिखल काढून झाल्यावर मी चालत नंदकिशोरजींच्या दुकानात गेले. त्यांच्या तळघरातही पाणी भरले होते. ते भिजलेले तागे उन्हात पसरत होते. मी म्हणाले, "भैयाजी, आपका सब कपड़ा पानी में गया. लेकिन उधारी मेरी है. मैं दूँगी. देर लगेगी."

ते तागा तसाच हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "माताजी, देना तो आप देंगी ही. अभी काम कैसे करेंगी?"

"पता नहीं."

त्यांनी नोकराला हाक मारली आणि वरच्या मजल्यावरचे, न भिजलेले कापड माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, "पहले ये ले जाइए. पुरानी बात दिवाली के बाद करेंगे."

मी त्यांची पूर्ण उधारी फेडली. दिवाळी पुढची नव्हे, तिच्याही पुढची होती, पण फेडली. त्यांनी मला कधी विचारले नाही की नाल्याजवळ खोली का घेतली. हा माझ्यात आणि माझ्यासारख्या पुष्कळ बायकांत फरक आहे. त्याही माझ्याइतक्याच राबत होत्या. त्यांच्या वाट्याला त्या चिखलात नंदकिशोरजी आले नाहीत. म्हणून स्वकष्टार्जित या शब्दाशेजारी त्यांचे नाव राहावे अशी माझी इच्छा आहे. माझ्या पलंगावरची लाल किनारीची मोठी गोधडी त्यांना द्यावी. पैसे देऊ नयेत, ते घेणार नाहीत.

कलम ५. टीव्हीबद्दल.

घरातला टीव्ही जयंताने कारखान्यात कामाला असताना हप्त्यांवर घेतला. तो त्याला द्यावा. मी तेव्हाच नको म्हणाले होते. पगाराला उद्याची खात्री नव्हती आणि शेजाऱ्यांकडे सामने दिसत होते. ती त्याची चूक होती. १९८४ साली कारखान्याला टाळे लागले आणि दोन महिन्यांचा पगार बुडाला, ती त्याची चूक नव्हती. लोक दोन्ही एकाच पिशवीत भरतात आणि वर म्हणतात, बघा, टीव्ही घ्यायला पैसे होते. टीव्ही विकून त्या घराचा महिनासुद्धा निघाला नसता. जयंता, टीव्हीवर आता चांगले चित्र दिसत नाही. नवा हप्त्यावर घेऊ नकोस. टेम्पो घेतलास तो मात्र शहाणपणा केलास.

कलम ६. विलासबद्दल. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा थोरला मुलगा विलास याने करावी. काही नातेवाइकांना याचे नवल वाटेल, कारण आमच्या दोघांत काय झाले ते त्यांनी अर्धेच ऐकले आहे. पूर्ण असे.

१९८६च्या दिवाळीत विलास रजा काढून एकटाच आला. जयंत तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर पगारी ड्रायव्हर होता. त्याचे कुटुंब माझ्याकडे राहत होते आणि महिनाअखेर मी भागवत होते. पाडव्याला जेवण झाल्यावर जयंत बाहेर गेला तेव्हा विलास म्हणाला, "आई, तू त्याला पोसतेस. कारखान्याचा पगार होता तेव्हा साठवायला काय झालं होतं? माणसानं आपली जबाबदारी घ्यायला नको?"

निशिगंधा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी उठले. जयंताचा नुकता झालेला पगार देव्हाऱ्यात ठेवला होता, तो आणून विलासच्या हातात दिला. म्हणाले, "घे. तुझी रजा आहे तोवर घर तू चालव. यात तुझे पैसे घालायचे नाहीत आणि माझे मी घालणार नाही. रजा संपताना उरेल ते पुढच्या पगारापर्यंत पुरायला हवं."

तो हसला. "चालवतो की."

त्याने पाकिटे केली. दूध, किराणा, रॉकेल, शाळा. सगळ्यात आधी बचतीचे पाकीट केले आणि मला दाखवले. "आई, आधी बचत बाजूला काढायची. मग खर्च. मी लोकांना हेच सांगत फिरतो."

पहिले काही दिवस बरे गेले. तो पायी बाजारात जायचा, भाव करायचा, पिशवी भरून यायचा. मग माझ्या नातीचा कान दुखू लागला, ताप चढला, डॉक्टर झाले, औषध झाले. बचतीचे पाकीट गेले. त्याच सुमारास चौमूंच्या रस्त्यावर टेम्पोचे टायर फुटले आणि मालकाने ते जयंताच्या माथी मारले. जयंत घरी येऊन म्हणाला, "दादा, मालक आत्ताच मागतोय. नाही दिले तर उद्यापासून गाडी दुसऱ्याला." विलासने किराण्याचे पाकीट उघडले. शाळेतून स्वेटर आणा म्हणून निरोप आला. विलास नातीला म्हणाला, "पुढच्या महिन्यात घेऊ." नात म्हणाली, "काका, थंडी तो अभी है ना?"

दुपारची वेळ होती. तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसला. पाकिटे त्याने ओट्यावर ठेवली. रजा अजून संपली नव्हती.

"आई, मी कुठं चुकलो?"

मी म्हणाले, "कुठंच नाही."

"काहीतरी चुकलं असणार. मी सगळं नीट केलं होतं."

"होय. मी बघत होते. सगळं नीट केलंस."

त्याने पाकिटे पुन्हा एकदा उघडून पाहिली. मग म्हणाला, "माझी फी भरायची राहिली म्हणून मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

"तुझे आबा विसरत नव्हते, विलास. ते रोज मोजत होते."

त्या दिवशी माझा मुलगा माझ्यासमोर रडला. निशिगंधा दारात उभी होती. तो उठून तिला म्हणाला, "मी पाडव्याला बोललो ते चुकीचं बोललो." मोठ्या दिराने भावजयीला असे म्हटलेले मी तरी आमच्या घरात प्रथमच ऐकले. तिने मान हलवली आणि चहा टाकला.

जोधपूरला परत गेल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. जयंताच्या टेम्पोच्या कर्जाला स्वतः जामीन राहिला. आणि साताऱ्याला आप्पासाहेबांना पत्र घातले. त्यात काय लिहिले ते त्याने मला सांगितले नाही, मी विचारले नाही. माझी माळ विलासला द्यावी, त्याच्या मुलीसाठी. ज्याने एक घर वीस तारखेपलीकडे न्यायचा प्रयत्न करून पाहिला आहे, तोच माझी वाटणी नीट करील.

कलम ७. घर.

हे घर मी माझी सून निशिगंधा जयंत फडतरे हिला पूर्ण मालकी हक्काने देते. जयंताला नाही, विलासला नाही, दोघांना मिळून नाही. निशिगंधेला. हे मी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितले आहे. जयंत म्हणाला, "माझं काय?" मी म्हणाले, "तू तिच्याबरोबर राहा, तेवढं तिला विचार." विलास पहिल्यांदा हसला, मग जयंत.

कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी तिला बोल लावणार नाही. कारखाना बंद पडल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली तेव्हा मी म्हणाले, काही लागले तर माग. ती म्हणाली, "आई, मदत नको. काम द्या." तिचे टाके सुरुवातीला माझ्याहून वाकडे होते. पण मी दारात आलेल्याला विकत होते आणि ती दारोदार गेली. छावणीतल्या बायकांच्या दुकानात गेली, दिल्लीच्या प्रदर्शनात जाऊन बसली. एका हॉटेलात जाऊन तिने साहेबाच्या टेबलावर गोधडी पसरली आणि सांगितले की हात लावून पाहा. गेल्या वर्षी त्या हॉटेलने आपल्या सगळ्या खोल्यांसाठी गोधड्या मागवल्या. आम्ही दोघी, आमच्याकडे शिवणाऱ्या तारामतीबाई आणि वस्तीतल्या बायका मिळून अंगणात बसलो. बोटे सुजली. कापड कमी पडले की जयंत टेम्पो घेऊन सांगानेरला पळायचा. ठरल्या दिवशी माल पोचला.

हे घर मी पुरानंतर बोर्डाकडून हप्त्यांवर घेतले होते; त्या पैशांतून त्याचे राहिलेले सगळे हप्ते मी एकदम भरले. बोर्डाच्या कचेरीत खिडकीतल्या बाबूने शिक्का मारला, कागद सरकवला आणि म्हणाला, "लो माताजी, आज से मकान आपका."

मी म्हणाले, "एक बार और बोलिए, भैया."

त्याने मान वर केली. मागे रांग होती. तरी तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "मकान आपका." रांगेतल्या एका म्हातारबुवांनी टाळी वाजवली. निशिगंधेने माझा हात धरला होता, तो तिने घरी येईपर्यंत सोडला नाही.

घराबरोबर कापडाचा साठा, सुया, अंगुस्ताने, कातऱ्या आणि धंद्याचे नाव हेही निशिगंधेचे. मोठी कातर कोणालाही उसनी देऊ नये. कागद कापायला तर मुळीच नाही.

कलम ८. बँकेतील रक्कम.

माझ्या क्रियाकर्माचा खर्च वजा जाता बँकेत राहील ती रक्कम घरात वाटू नये. आमच्याबरोबर शिवणाऱ्या बायकांसाठी ती ठेवावी आणि तिचा कारभार तारामतीबाईंनी पाहावा. नियम थोडे आहेत. वीस तारखेनंतर जी बाई मागायला येईल तिला द्यावे. पैसे कुठे गेले, हे विचारू नये. एक तारखेला तिने परत करावे. नाही केले तर तारामतीबाईंनी तिच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि पुन्हा मागावे. परत करायची जबाबदारी तिचीच आहे, ती तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये, कारण फेडून टाकल्यावर माणूस कसा ताठ चालतो ते मला ठाऊक आहे. पण मान खाली घालून मागायची पाळी माझ्या पैशांनी कोणावर आणू नये.

कलम ९. शेवटचे.

माझे दिवस साधेपणाने करावेत. गावी कोणाला तार करून धावपळ करायला लावू नये. त्या दिवशी शिवणाऱ्या बायकांची मजुरी कापू नये. त्यानंतर एखाद्या रविवारी सगळ्यांनी जयंताच्या टेम्पोतून कानोत्याच्या बंधाऱ्यावर जावे आणि पोटभर जेवावे. खर्च विलासने करावा. त्याला परवडतो.

मी आजारी नाही. मरणाच्या भीतीने हे लिहिलेले नाही. माझ्या आईने मृत्युपत्र केले नाही, सासूबाईंनी केले नाही, माझ्या मालकांनी केले नाही. त्यांच्यात कमी काही नव्हते. त्यांच्याजवळ मागे ठेवण्यासारखे काही उरूच दिले गेले नाही. आमच्या घरात असा कागद लिहायला बसलेली मीच पहिली आहे. वकीलसाहेबांनी दिलेले ताव आठव्या कलमातच संपले, म्हणून निशिगंधेला हाक मारून आणखी मागवून घेतले आहेत.

सही: इंदुबाई नागनाथ फडतरे

साक्षीदार १. शेषराव कोंडिबा माने, निवृत्त सुभेदार, जयपूर. इंदुबाईंनी आमच्या समक्ष सही केली. पूर्ण नाव लिहिले, घाई केली नाही.

साक्षीदार २. डॉ. हिंदुराव ज्ञानोबा शिंदे, जयपूर. यांची प्रकृती व मन दोन्ही मी तपासले आहे. दोन्ही उत्तम.

स्थळ: मानसरोवर, जयपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी १९८८